काळा पैसा, लाल पैसा, पिवळा पैसा

परतवाड्याहून घटांगचा घाट चढून धारणीच्या रस्त्याला लागलं की सिपना नदीच्या काठी मेळघाटातलं सेमाडोह येतं. पाऊस ओसरत आला होता आणि ओळखीच्या एका कोरकू कुटुंबाच्या ओसरीवर चहा चालला होता. जुनी नाणी पाहायचा मला नाद आहे, हे त्या घरी ठाऊक. आजी उठल्या, चुलीवरच्या फळीवरून दूध पावडरीचा गंजका डबा काढला आणि पांढऱ्या टॉवेलवर उलटा केला. वीस-बावीस पैसे निघाले. आजींनी त्यातले दोन बोटानं पुढे सरकवले.

"हे एकाच राजाचे होय ना भाऊ? मंग एक काळा अन् एक तांबडा काहून?"

प्रश्न साधा, पण नाणी गोळा करणारे शहरी लोकही त्यावरच अडखळतात. बहुतेकांचं पुढचं पाऊल ठरलेलं असतं: काळा पैसा चिंचेनं घासून तांबडा करायचा. हा लेख त्या पावलाआधी वाचावा म्हणून लिहिला आहे. तुमच्याही घरी देवघरात, फडताळात किंवा आजोबांच्या पेटीत असा डबा असेल. त्यातल्या पैशांचे रंग वेगळे का, त्यातला कोणता रंग टांकसाळीतून आला आणि कोणता नंतर चढला, आणि त्यासाठी काय करावं किंवा मुळीच करू नये, एवढंच सांगायचं आहे.

आधी धातू. आपण सरसकट 'तांब्याचा पैसा' म्हणतो, पण ते अर्धंच खरं. व्हिक्टोरिया राणीच्या तोंडवळ्याचा पाव आणा, म्हणजे आपला पैसा, खरोखर तांब्याचा होता आणि वजन 100 ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. एडवर्ड सातव्याच्या काळात, 1906 मध्ये, सरकारनं तांबं सोडून कांस्य घेतलं: शंभरात 95 भाग तांबं, 4 भाग कथील, 1 भाग जस्त. कांस्य जास्त कडक, कमी झिजतं, म्हणून पैसा पातळही करता आला. वजन 75 ग्रेनवर, म्हणजे 4.86 ग्रॅमवर आलं. 1906 सालचा पैसा त्यामुळे दोन्ही धातूंत सापडतो, एक जाड आणि एक पातळ. पुढे जॉर्ज पंचमचे सगळे पैसे कांस्याचेच. जॉर्ज सहाव्याचे 1942 पर्यंतचे मोठे पैसे आणि 1943 ते 1947 चे भोकाचे पैसेही कांस्याचेच. प्रजासत्ताकानंतरचा घोड्याचा पैसा कांस्याचा, आणि 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आल्यावर निघालेला इवलासा नवा पैसाही कांस्याचाच.

इथे शब्दाचा एक घोळ होतो. आपल्याकडे कासं म्हटलं की डोळ्यासमोर येते तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी. ती फिकट पिवळी असते आणि टिचकी मारली की घणघणते. तिच्यात कथील शंभरात वीस-बावीस भाग असतं. पैशात फक्त चार. कथील वाढत जातं तसा तांब्याचा तांबडेपणा उतरत जातो: चार-पाच भागाला तांबूसच, दहाच्या आसपास सोनेरी, बावीसला वाटीसारखा फिकट, आणि तिसाच्या वर गेलं की जवळजवळ पांढरा. म्हणून पैसा आणि वाटी दोन्ही 'काशाची' असून शेजारी ठेवली तर नातेवाईक वाटत नाहीत. पैशाचा नवा असतानाचा रंग तांब्याहून किंचित फिका, सोनेरीकडे झुकलेला तांबूस. हा रंग डोळ्यात बसवून घ्या, कारण बाकीचे सगळे रंग त्याच्यावर चढतात.

आता पाहायचं कसं? रात्री पिवळ्या बल्बखाली रंग पाहू नका. सकाळी नऊ-दहाला ओसरीवर, ऊन थेट अंगावर न येता येणारा उजेड सर्वांत चांगला. खाली पांढरा कागद. पैसा कडेला धरायचा, दोन बोटांच्या चिमटीत, चेहऱ्यावर अंगठा न टेकवता, कारण घामातलं मीठ पुढे त्रास देतं. घड्याळजीकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, फार महाग नसतं. फोटोवर विश्वास ठेवायचा तर त्याच चौकटीत पांढऱ्या कागदाचा तुकडा दिसला पाहिजे. मोबाईल आपल्या मनानं रंग बदलतो. एकच पैसा ट्यूबलाईटखाली हिरवट, खिडकीत तपकिरी आणि बल्बखाली लालभडक आलेला मी स्वतः पाहिला आहे. अशा लालभडक फोटोंवर नाणी विकणारेही आहेत.

आजींचे दोन पैसे भिंगाखाली घेतले. दोन्ही जॉर्ज पंचमचे, दोन्ही कांस्याचे, दोन्हीची जाडी सारखी. काळ्या पैशाच्या अक्षरांच्या बेचक्यांत मऊ काजळी भरलेली. फळी चुलीवर, खाली वर्षानुवर्षं लाकूड जळतंय, मग आणखी काय होणार? पण फक्त काजळी नव्हे. धुरात गंधकाचा अंश असतो, तो तांब्याशी मिळून काळा सल्फाईड बनतो, आणि तो धातूला चिकटलेला असतो. काजळी वर बसलेली असते, सल्फाईड अंगात मुरलेला. दोन्ही काळेच, पण एक निघते आणि दुसरा काढायचा म्हटलं तर पैसाच खरवडावा लागतो.

तांबडा पैसा मात्र पाहिल्याबरोबर ओळखू आला. त्याला कुणीतरी घासलं होतं. कसं ओळखलं? जुन्या पैशावर खरा, टांकसाळीचा तांबडेपणा उरला असेल तर तो लपलेल्या जागी उरतो: अक्षरांच्या पायाशी, मुकुटाच्या खाचांत, पानांच्या माळेच्या आतल्या बाजूला. राजाचा गाल, दाढी, कान हे उंच भाग आधी हाताला लागतात, म्हणून ते आधी तपकिरी होतात. म्हणजे खरा तांबडा पैसा ठिकठिकाणी तपकिरी असतो, आणि तिरका धरून फिरवला तर चाकाच्या आऱ्यांसारखी चमक त्याच्यावरून फिरते. ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेनं सरकतो, त्या सूक्ष्म रेघांची ही चमक. घासलेला पैसा सगळीकडे सारखाच गुलाबी असतो. झिजून सपाट झालेला गालही गुलाबी आणि खाचही गुलाबी, आणि ती फिरती चमक तर कुठेच नाही. आजींच्या पैशावर राजाची दाढी झिजून गुळगुळीत होती, तरी रंग नव्या जखमेसारखा. झिजलेला चेहरा आणि नवा रंग एकत्र आले की समजावं, मध्ये चिंच आली आहे.

विचारलं तर सुनेनं दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी घासला होता. त्यात तिचं काय चुकलं? पूजेला मांडायचा पैसा स्वच्छ असावा हे आपल्या रक्तातच आहे. मीही लहानपणी आजोबांचे अकरा पैसे चिंच आणि मीठ लावून लखलखीत केले होते आणि शाबासकीही मिळवली होती. सात-आठ वर्षांनी डबी उघडली तेव्हा त्यातल्या चारांवर फिकट हिरवी पूड आली होती आणि पूड झटकली तर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

ते खड्डे चिंचेनं नव्हे, मिठानं पाडले होते. ही बाब जरा नीट समजून घ्यावी, कारण आर्द्र हवेच्या गावात हीच सगळ्यांत घातक आहे. मिठातला क्लोराईड कांस्याच्या बारीक छिद्रांत शिरून तांब्याशी बांधला जातो. कोरड्या हवेत तो गप्प बसतो. हवेत ओल आली की ओल आणि प्राणवायू मिळून त्याचं फिकट हिरवं संयुग होतं, त्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. संग्रहालयांतले लोक याला कांस्याचा रोग म्हणतात आणि नाव अगदी योग्य आहे, कारण एकदा लागला की पैसा आतून पोखरतो. मेळघाटात चार महिने भिंतीही ओल्या असतात, तिथे या रोगाला रान मोकळंच.

पण सगळी हिरवळ रोग नव्हे, हेही तितकंच लक्षात ठेवा. गडद, गुळगुळीत, काचेसारखी हिरवी किंवा काळपट हिरवी पुटं जमिनीत राहिलेल्या पैशावर चढतात. ती घट्ट असतात आणि धातूचं रक्षणच करतात. रोगाचं हिरवं फिकट असतं, पुडीसारखं असतं आणि ठिपक्याठिपक्यांनी उगवतं. बांबूच्या अणकुचीदार काडीनं हलकेच टोचून पाहा. पूड निघाली आणि खाली खड्डा दिसला तर रोग. काडी घसरली आणि काहीच निघालं नाही तर तो पैशाचा अंगरखा आहे, त्याला हात लावू नका. शंका असेल तर तो पैसा वेगळ्या डबीत ठेवा, कोरड्या हवेत पंधरा दिवस, आणि पुन्हा पाहा. नवी पूड आली असेल तर उत्तर मिळालंच.

तिसऱ्या जातीचं हिरवंही असतं, चिकट, बुळबुळीत, पोपटी. ते बहुधा प्लास्टिकच्या अल्बमचं देणं असतं. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या पारदर्शक खिशांचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, आणि ते म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. ज्यानं हौसेनं अल्बम लावला त्याचेच पैसे डब्यात पडून राहिलेल्यांपेक्षा जास्त खराब झालेले दिसतात, हे पाहून वाईट वाटतं.

रंगाच्या आणखी एका प्रकारावर मात्र मी फार रेंगाळतो, कारण त्यात कुणाच्या हाताचा, चुलीचा किंवा पावसाचा काही संबंध नसतो. तो टांकसाळीतच जन्मतो. आजींच्या ढिगात तसा एक निघाला. तपकिरी पैसा, पण त्याच्यावर फिकट आणि गडद रेघा, सागाच्या फळीवर रेषा दिसतात तशा, एकाच दिशेनं राजाच्या चेहऱ्यावरून, अक्षरांवरून, कशाचीही पर्वा न करता सरळ गेलेल्या. नातवाला वाटलं कुणी ब्रशनं रंग मारला. खरं कारण मुशीत असतं. तांबं, कथील आणि जस्त वितळवून एकजीव करायचं, त्याची लांब कांडी ओतायची, ती रुळांखालून पुन्हा पुन्हा दाबून पातळ पट्टी करायची आणि पट्टीतून गोल चकत्या कापायच्या, अशी ती रीत. वितळलेला धातू नीट ढवळला गेला नाही तर एका जागी कथील जास्त, दुसऱ्या जागी कमी राहतं. पट्टी लांबते तसे हे भागही लांबतात आणि रेघा होतात. नवा असताना पैसा एकसारखा दिसतो. पण वर्षं जातात आणि कथील कमी-जास्त असलेले भाग वेगवेगळ्या वेगानं काळवंडतात, तेव्हा रेघा उमटतात. फोटो धुताना कागदावर चित्र हळूहळू वर येतं, तसंच. इंग्लंडच्या जुन्या पेन्या आणि अमेरिकेच्या जुन्या सेंटवरही हे दिसतं, आणि तिकडचे संग्राहक अशा नाण्याला लाकडाच्या रेषांच्या उपमेनंच ओळखतात.

याची खूण पक्की आहे. दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना समांतर असतात, कारण चकती एकाच पट्टीची. चुलीचा डाग किंवा बोटाचा ठसा उलट अक्षरांभोवती वळतो, खाचेत साठतो, उंचवट्यावर विरतो. रेघा चित्राला जुमानत नसतील तर त्या धातूच्या आहेत. असा पैसा घासलात तर रेघा जातील आणि परत यायला आणखी पन्नास वर्षं लागतील.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. तिकडे 1860 मध्ये पेनी तांब्याऐवजी कांस्याची झाली, प्रमाण तेच, 95, 4 आणि 1. पुढे फार्दिंग नावाचं छोटं नाणं आकारानं सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखं दिसायचं म्हणून 1897 पासून टांकसाळ ते मुद्दाम काळपट करून बाहेर काढत होती. फसवणूक टाळायला सरकारनंच नाणं काळं केलं! दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या हाती गेला आणि कथील दुर्मिळ झालं, तेव्हा पेनीतलं कथील अर्ध्या टक्क्यावर आलं, आणि 1944 ते 1946 च्या पेन्या टांकसाळीतच फोटोग्राफरच्या 'हायपो'नं गडद केल्या गेल्या. म्हणजे त्या काळातली काळी पेनी घासून लाल केली तर टांकसाळीचीच कामगिरी पुसली जाते. परदेशी राहिलेल्या नातेवाइकांनी आणून दिलेल्या पेन्या आपल्याकडे अनेक घरांत आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

युद्धाचा रंग आपल्या नाण्यांवरही चढला. निकेल शस्त्रांसाठी लागत होतं, म्हणून 1942 ते 1945 मध्ये अर्धा आणा, एक आणा, दोन आणे पांढरे न पाडता निकेल-पितळेचे पिवळे पाडले. पैसा कांस्याचाच राहिला, पण धातू वाचवायला आकार लहान करून मध्ये भोक पाडलं. ढिगात पिवळं नाणं दिसलं तर आधी त्यावरची किंमत आणि साल वाचा, रंगाचा विचार नंतर. नव्या पैशाचं तर 1962 मध्येच दोन धातूंत दर्शन घडतं: त्या सालचा काही नवा पैसा तांबूस, कांस्याचा, आणि काही पिवळा, निकेल-पितळेचा. दोन्ही खरे, दोन्ही टांकसाळीचे, दोन्हीवर 'रुपये का सौवाँ भाग' तेच. आजींकडे दोन्ही होते आणि नातवानं ते आधीच वेगळे काढून ठेवले होते, सोन्याचा आणि तांब्याचा म्हणून.

मग एखादा पैसा पिवळा दिसतो तो मुळात पितळेचा, की कांस्यावर मुलामा, हे कसं ठरवायचं? घरच्या घरी एक परीक्षा करता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. आधी पैसा कोरडा तोला. समजा 4.79 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, पैसा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. आता काटा जो आकडा दाखवेल ते पैशानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. 0.54 आलं तर 4.79 भागिले 0.54, म्हणजे 8.87, म्हणजे कांस्य किंवा तांबं. 0.56 आलं तर 8.55, म्हणजे पितळेच्या जातीचं काही. फरक दोन शतांशांचा आहे, तेव्हा तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. एकाच प्रकारचे पाच-सहा पैसे असतील तर एकत्र तोला, उत्तर जास्त भरवशाचं येईल. पैसा ओला झाला आहे हे विसरू नका, लगेच टिपून वाळवा.

पांढरा झालेला पैसा दिसला तर तो तोलायच्याही आधी थांबा. जुन्या पिढीत खोडकर पोरं फुटलेल्या थर्मामीटरचा पारा पैशाला चोळून त्याची 'अधेली', म्हणजे अर्धा रुपया, करत. आकार जवळपास सारखाच, अंधारात खपूनही जात असेल. पारा विषारी आहे. असा संशयास्पद चंदेरी पैसा मुलांच्या हाती देऊ नका, आणि पांढरेपणा घालवायला तापवू तर मुळीच नका, कारण वाफ थेट फुप्फुसात जाते. आगीतून आलेल्या पैशाची ओळख सोपी: रंग विटकरी-काळा, पापुद्रे सुटलेले, कडा बोथट. त्याचं काहीही करता येत नाही.

आता काय करावं. मुळात, काही करू नका हा पहिला सल्ला, आणि तो मी गंभीरपणे देतो आहे. चिंच, लिंबू, आमसूल, राख, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, जे गाडीच्या बॅटरीसाठी पेट्रोल पंपावर मिळतं, दोन-तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, आणि सुटलेली माती बांबूच्या काडीनं उचला. काजळी, गोंद किंवा अल्बमचा चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवून कापसाच्या बोळ्यानं टिपा, चोळू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. ॲसिटोन झटकन पेट घेतं, तेव्हा चुलीपासून लांब, उघड्या ओसरीवरच. आजींच्या काळ्या पैशावर हे केलं तेव्हा बोळा कोळशासारखा झाला आणि खालून गडद चॉकलेटी पैसा निघाला, काळा नव्हे. तिथेच थांबलो. त्याखालचा रंग त्याचा स्वतःचा आहे.

खोबरेल तेल लावायचा मोह अनेकांना होतो. लावल्यावर पैसा देखणा दिसतो, पण खाद्यतेल खवट होतं आणि त्यातली आम्लं हळूहळू हिरवं आणतात. घट्ट माती मऊ करायला तेल हवंच असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या.

ठेवायचं कुठे? चुलीवरच्या फळीवर नको, लोणच्याच्या बरणीशेजारी नको, डांबराच्या गोळ्यांसोबत नको. लाकडी पेटी दिसायला छान, मेळघाटात तर सागवानाचीच करावीशी वाटणार, पण लाकडातून आणि प्लायच्या गोंदातून आम्लाची वाफ सुटत राहते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा, वास न येणारा टणक प्लास्टिकचा डबा बरा. प्रत्येक पैसा वेगळ्या कागदी पुडीत, आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या, औषधांच्या बाटल्यांत, बुटांच्या खोक्यांत येतात त्याच. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर डबा उघडून पाहा. रोगट पैसा इतरांसोबत ठेवू नका.

देवघरातल्या पैशाचं मात्र वेगळं. त्यावर हळदकुंकू चढलं आहे, पंचामृताचा अभिषेक झाला आहे, दह्याच्या आम्लानं थोडा हिरवट झाला आहे, तर झाला आहे. तो पैसा संग्रहासाठी नाही. अभिषेकानंतर साध्या पाण्यानं धुऊन लगेच पुसा आणि सोडून द्या. पूजेतला पैसा वाचवायला तो देवापासून काढून प्लास्टिकच्या पाकिटात घालणारे मला पटत नाहीत.

विकायचा विचार असेल तर मन घट्ट करा. जॉर्ज पंचमचे पैसे कोट्यवधींनी पाडले गेले. साधा तपकिरी पैसा किरकोळ भावाचा असतो, टांकसाळीचा खरा तांबडेपणा टिकलेला असेल तर जास्त, आणि घासलेल्याला जाणकार हात लावत नाही. 'लाल पैशाला लाखो रुपये' अशा जाहिराती मोबाईलवर येतात, आणि आधी फी किंवा कर भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांपासून सावध राहायला लोकांना जाहीरपणे सांगितलं आहे. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर गोष्ट आणखी वेगळी होते: 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे. आणि सेमाडोहपुरतं बोलायचं तर व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून किंवा नदीच्या पात्रातून काही उचलून आणू नका, मग ते नाणं का असेना.

नाणी प्रत्यक्ष पाहून डोळा तयार करायचा असेल तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, वऱ्हाडातून जवळ. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला तर खास नाणेशास्त्राचीच संशोधन संस्था आहे.

शेवटचं काम सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं: पुडीवर लिहायचं. शिसपेन्सिलीनं, कारण शाईही पाझरते. पैसा कुठून आला, कुठे ठेवलेला होता, कुणी कधी घासला. रंगाचं कारण त्या दोन ओळींत असतं, आणि सांगणारं माणूस आहे तोवरच ते मिळतं. आजींच्या डब्यातल्या भोकाच्या पैशाची एक बाजू गडद होती आणि दुसरी आरशासारखी, भोकही वरच्या बाजूला किंचित लांबट झिजलेलं. मी भिंगातून पाहत तर्क करत होतो, तेवढ्यात आजी म्हणाल्या, हा त्यांच्या थोरल्या मुलाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यात होता, दृष्ट लागू नये म्हणून, चालायला लागेपर्यंत. चकचकीत बाजू पोटाला लागायची ती.

मी पुडीवर लिहिलं: "सेमाडोह. चुलीवरची फळी. त्याआधी कमरेचा दोरा." आजींनी कागद नातवाकडून वाचून घेतला आणि पुडी माझ्या हातातून काढून घेतली.

"पोराचं नावबी लिव," त्या नातवाला म्हणाल्या.